पेट्रोलची ओढ, विजेचा हिशेब

कल्याण-डोंबिवलीतील कोणत्याही सोसायटीत सोमवार ते शनिवार कापडी आच्छादनाखाली उभ्या असलेल्या मोटारी दिसतात. मालक सकाळच्या लोकलने मुंबईला गेलेला असतो आणि गाडी घरी विश्रांती घेत असते. रविवारी पहाटे मात्र आच्छादन दूर होते, काच पुसली जाते आणि गाडी मुरबाडमार्गे माळशेजच्या दिशेने निघते. अशा मालकाला मोटार ही केवळ इच्छित स्थळी पोहोचण्याची सोय वाटत नाही. इंजिनाचा सूर, गियर टाकतानाचा नेमका क्षण आणि वळणावर स्टिअरिंगने दिलेला प्रतिसाद यांतच त्याचे सुख असते. हाच मोटारप्रेमी आज पेट्रोल सोडून विजेवरची गाडी घ्यावी का, या प्रश्नापाशी येऊन थांबला आहे.

या प्रश्नाची चर्चा बहुधा इंजिन विरुद्ध मोटर अशी होते. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या संदर्भात मात्र तिचा निकाल दोन वेगळ्याच ठिकाणी लागतो. गाडी रात्री जेथे उभी राहते ती जागा आणि महिन्याला ती प्रत्यक्षात किती किलोमीटर धावते तो आकडा, ही ती दोन ठिकाणे होत.

परिसर आणि मोटार

मोटारीशी या परिसराचे नाते जुने आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रीमियर पद्मिनीने ठाणे जिल्ह्यातील अनेक मध्यमवर्गीय घरांत पहिली मोटार म्हणून प्रवेश केला. १९९० च्या दशकाच्या मध्यास प्रीमियर आणि फ्रान्सची प्युजो कंपनी यांच्या भागीदारीतून प्युजो ३०९ ही गाडी कल्याण-डोंबिवली परिसरातील कारखान्यात तयार होत होती. तो प्रयोग अल्पायुषी ठरला. पुढे ठाण्याची एमएच-०४ आणि कल्याणची एमएच-०५ ही अक्षरे मिरवणाऱ्या पेट्रोल गाड्यांच्या दोन पिढ्या येऊन गेल्या. चाकण येथे तयार होणाऱ्या फोक्सवॅगन पोलोवर जीव असलेला मोठा वर्ग येथेही होता. २०२२ मध्ये ती गाडी बंद झाली, तेव्हा अनेकांनी आपली पोलो आता विकायचीच नाही, असा निश्चय केला.

विजेच्या गाडीची वाटचाल याच काळात समांतर चालू होती. बंगळूरमध्ये तयार होणारी रेवा ही दोन दारांची छोटी गाडी २००१ मध्ये बाजारात आली. शिशाच्या बॅटरीवर ती एका चार्जमध्ये सुमारे ८० किलोमीटर जाई. मोटारप्रेमींनी तिच्याकडे कुतूहलाने पाहिले, पण खरेदीचा विचार फार थोड्यांनी केला. चित्र पालटले ते जानेवारी २०२० मध्ये. त्या महिन्यात टाटा नेक्सॉन ईव्ही आणि एमजी झेडएस ईव्ही या दोन गाड्या पाठोपाठ आल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये टियागो ईव्ही आली, जानेवारी २०२४ मध्ये पंच ईव्ही आली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्रने बीई ६ व एक्सईव्ही ९ई या गाड्यांचे अनावरण केले. दरम्यान पांढऱ्या अक्षरांची हिरवी नंबर प्लेट घोडबंदर रस्त्यावर नवलाईची राहिली नाही. ठाणे परिवहन सेवेच्या ताफ्यातही २०२३ पासून विजेवरच्या बसगाड्या धावू लागल्या.

काय हरवते, काय मिळते

मोटारप्रेमींचा पहिला आक्षेप भावनिक असला तरी निराधार नाही. पेट्रोल इंजिनाची ताकद फेऱ्यांबरोबर वाढत जाते. कोणत्या गियरमध्ये किती फेऱ्यांवर गाडी खुलते, हे चालक सवयीने शिकतो आणि त्या शिकण्यातच त्याचा आनंद असतो. विजेच्या गाडीत क्लच नाही, गियर बदलणे नाही आणि आवाजही नाही. मोटरचा टॉर्क पहिल्या क्षणापासून उपलब्ध असतो. २०२० ची नेक्सॉन ईव्ही १२९ अश्वशक्ती आणि २४५ न्यूटन-मीटर टॉर्क देत होती, तर त्याच काळातील पेट्रोल नेक्सॉनचे आकडे १२० आणि १७० असे होते. अश्वशक्तीत थोडाच फरक असूनही सिग्नलवरून निघताना पिकअपमध्ये जाणवणारी मोठी तफावत या टॉर्कमुळे येते.

वजनाचा मुद्दाही विचारात घ्यावा लागतो. बॅटरीमुळे त्याच आकाराची विजेची गाडी साधारण दीडशे किलो किंवा त्याहून अधिक जड होते. हे वजन मजल्याखाली पसरलेले असल्याने गुरुत्वमध्य खाली राहतो आणि वळणावर गाडी कमी कलते. परंतु ब्रेक लावताना व खड्ड्यातून जाताना ते वजन लपत नाही. टायरही तुलनेने लवकर झिजतात. पूर्वी विजेच्या गाडीला उत्साही चालकाची गाडी म्हणणे धाडसाचे होते. ७९ युनिट क्षमतेची बॅटरी, मागच्या चाकांना मिळणारी शक्ती आणि २८६ अश्वशक्ती असलेली बीई ६ चाकणहूनच बाहेर पडू लागल्यावर तो आक्षेप बराचसा मागे पडला.

स्वतःच्या हाताने गाडीत बदल करणाऱ्यांसाठी मात्र विजेची गाडी हे बंद कपाट आहे. एअर फिल्टर, एक्झॉस्ट, इंजिनाची संगणकीय जुळणी यांत रमणाऱ्याला येथे सॉफ्टवेअरचे कुलूप आडवे येते. नेहमीच्या विश्वासातल्या मेकॅनिकचे कामही ब्रेक, सस्पेन्शन, टायर आणि वातानुकूलन एवढ्यापुरते उरते. इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, क्लच प्लेट हे खर्च नाहीसे होतात. त्यांच्याबरोबर गॅरेजमधल्या गप्पाही नाहीशा होतात. एक गोष्ट मात्र अनेकांच्या ध्यानात नसते. विजेच्या गाडीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती उतरली तर मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

दोन एमआयडीसी

डोंबिवलीकरांना एमआयडीसी म्हटले की औद्योगिक वसाहत आठवते. विजेच्या गाडीच्या जाहिरातीतील एमआयडीसी निराळी आहे. ती ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ या चाचणीची आद्याक्षरे होत. पुण्यातील एआरएआयसारख्या संस्थांत गाडी रोलरवर ठरावीक वेगाने चालवून तिचा पल्ला मोजला जातो. या चाचणीच्या शहरी भागात वेग ताशी ५० किलोमीटरच्या आत राहतो आणि शहराबाहेरच्या भागातही तो ताशी ९० च्या वर जात नाही. पूर्वी बहुतेक कंपन्या शहरी भागाचाच आकडा ठळक छापत. म्हणूनच ३१२ किलोमीटरचा पल्ला जाहीर झालेली पहिली नेक्सॉन ईव्ही प्रत्यक्ष रस्त्यावर साधारण २०० किलोमीटरच देई. गाडी पाहताना जाहीर आकड्याचे सुमारे दोनतृतीयांश गृहीत धरावे, हा जुना आडाखा त्यातूनच आला. आता काही कंपन्या दोन्ही भागांचा एकत्रित आकडा देतात. त्यामुळे तुलना करण्यापूर्वी आकडा कोणत्या पद्धतीचा आहे, हे विचारून घ्यावे.

या परिसरातील रोजच्या रस्त्यांवर मात्र विजेची गाडी जाहीर आकड्याच्या बरीच जवळ जाते. शीळफाटा, पत्री पूल, माजिवडा किंवा गायमुख घाटातील कोंडीत पेट्रोल गाडी एसी चालू ठेवून तासभर उभी राहिली तर लिटरच्या आसपास पेट्रोल जाते. विजेच्या गाडीत तेवढ्याच वेळात एसीपोटी एक-दीड युनिट खर्च होते. शिवाय प्रत्येक वेळी वेग कमी करताना मोटर जनित्राचे काम करते आणि थोडी वीज बॅटरीत परत जमा होते. पेट्रोल गाडीचे अॅव्हरेज कोंडीत ढासळते. विजेच्या गाडीला कोंडीचा त्रास तुलनेने कमी होतो आणि महामार्गावरचा वेग तिला अधिक महाग पडतो.

घाट, समृद्धी आणि कोकण

घाट चढताना बॅटरी किती उतरेल, ही शंका नेहमी विचारली जाते. तिचे उत्तर शाळेतील भौतिकशास्त्रात सापडते. प्रवाशांसह १,६०० किलो वजनाची गाडी कल्याणहून माळशेजच्या माथ्यावर, म्हणजे सुमारे ७०० मीटर उंच नेण्यास केवळ चढावापोटी ३ युनिट ऊर्जा लागते. मोटरमधील घट धरली तर साडेतीन युनिट होतात. सपाट रस्त्यावर तेवढ्या विजेत गाडी वीस-पंचवीस किलोमीटर गेली असती. उतरताना यातील निम्म्याहून अधिक ऊर्जा परत मिळू शकते. एक खबरदारी मात्र घ्यावी. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर परत येणारी वीज साठवायला जागा नसते आणि उतारावर गाडीला ब्रेकवरच अवलंबून राहावे लागते. घाटमाथ्यावरच्या हॉटेलात पूर्ण चार्ज करून लगेच खाली उतरणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

समृद्धी महामार्गाचे गणित याहून वेगळे आहे. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून या ७०१ किलोमीटरच्या मार्गाचे पश्चिम टोक ठाणे जिल्ह्यातच, भिवंडी तालुक्यात आले आहे. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० च्या तुलनेत १२० वर तो सव्वादोन पट होतो. त्यामुळे शहरात ३५० किलोमीटर जाणारी गाडी या वेगाने २५० च्या आतच चार्जर शोधू लागते. वेग १०० वर आणला की पल्ल्यात जाणवण्याइतकी वाढ होते. वेगाची हौस असलेल्या चालकाला हा संयम जड जातो, हे खरे.

मोठी कसोटी कोकणच्या वाटेवर लागते. ठाण्याहून चिपळूण सुमारे सव्वादोनशे किलोमीटर आहे. ४० युनिटच्या वरची बॅटरी असेल तर एरवी हा प्रवास वाटेत एकदा थांबून किंवा न थांबताही होतो. गणेशोत्सवात मात्र मुंबई-गोवा महामार्गावर सारा जिल्हा एकाच दिवशी निघतो. पेट्रोल पंपावरची रांग दहा मिनिटांत पुढे सरकते. जलद चार्जरवर प्रत्येक गाडीला पाऊण तास लागला तर समोरच्या दोन गाड्यांमुळेच दीड तास जातो. वर्षातून एकदा येणाऱ्या या प्रवासासाठी पर्यायी चार्जरांची यादी आधीच करणे, रात्री उशिरा निघणे आणि गावच्या घरी १५ अॅम्पिअरचे, नीट अर्थिंग असलेले सॉकेट बसवून घेणे हे उपाय करता येतात. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी त्या प्रवासासाठी पेट्रोल गाडी हाताशी ठेवणे बरे.

खरा प्रश्न पार्किंगचा

रात्री घरी चार्जिंग होणार असेल तर विजेची गाडी ही कमालीची सोयीची वस्तू आहे. तसे होणार नसेल तर ती तेवढीच गैरसोयीची ठरते. या एका निकषावर ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीचे दोन भाग पडतात. घोडबंदर रस्त्यावरील मोठी संकुले, कल्याणचा खडकपाडा-गांधारी परिसर आणि कल्याण-शीळ रस्त्यावरील पलावा येथील नव्या इमारतींत नेमून दिलेले पार्किंग आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये आदर्श इमारत नियमावलीत बदल करून नव्या इमारतींतील २० टक्के पार्किंग विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगसाठी सज्ज ठेवण्याची तरतूद सुचवली. नौपाडा, रामनगर, टिळकनगर यांसारख्या जुन्या वस्त्यांत मात्र अनेक इमारती मोटार ही चैन समजली जात होती त्या काळातल्या आहेत. तेथे गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते आणि रोज तीच जागा मिळेल याचीही खात्री नसते. तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून खाली वायर सोडणे हा उपाय नव्हे, तो अपघाताला दिलेला हात होय.

नेमलेले पार्किंग असले तरी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे विजेचा मंजूर भार. साध्या १५ अॅम्पिअरच्या सॉकेटमधून गाडी सुमारे ३.३ किलोवॅट वीज ओढते. टियागो ईव्हीची २४ युनिटची बॅटरी त्यावर साधारण आठ तासांत, तर ४५ युनिटची बॅटरी चौदा-पंधरा तासांत भरते. ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर हा वेळ निम्म्यावर आणतो, पण त्यासाठी बहुतेक घरांचा भार वाढवून घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट अर्थिंग. जुन्या इमारतींत ते कमकुवत असते आणि गाडी ते ओळखून चार्जिंग सुरू करण्यास नकार देते. गाडीत दोष आहे असे समजून अनेकजण सर्व्हिस सेंटर गाठतात. वास्तविक त्यांना जाणकार वायरमनची गरज असते. तिसरी गोष्ट स्वतंत्र केबल आणि एमसीबी. मीटर रूमपासून पार्किंगपर्यंतची लांबी वीस मीटर असो की ऐंशी, केबलची जाडी त्यानुसार ठरवावी. एक्स्टेन्शन बोर्डाचा वापर टाळावा.

यानंतर सोसायटीच्या कमिटीचा प्रश्न येतो. ना हरकत पत्र देताना पदाधिकाऱ्यांना आगीची भीती, सामायिक विजेचा वापर आणि उद्या प्रत्येकाने मागणी केली तर काय, या तीन चिंता असतात. त्या गैर नाहीत. एका सदस्याला त्याच्या घरगुती मीटरवरून केबल टाकू देणे सोपे असते. दहाव्या सदस्यापर्यंत इमारतीचा एकूण भार कसा पुरेल, याचा विचार पहिल्याच अर्जाच्या वेळी करावा लागतो. त्यामुळे अनेक ठिकाणी सोसायटीनेच चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजजोडणी घेणे अधिक व्यवहार्य ठरते. अशा जोडणीला विद्युत वाहन चार्जिंग ही वेगळी दरवर्गवारी लागू होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठी, चार्जिंगसह, छतावरील सौर यंत्रणेला अनुदानाची तरतूद आहे. सर्वसाधारण सभेत हा विषय मांडताना त्याचा उपयोग होतो.

वीजबिलाचा टप्पा

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत वीजपुरवठा महावितरणचा आहे. कळवा, मुंब्रा आणि शीळ भागात मार्च २०२० पासून फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवर काम पाहते. स्वतःच्या घरी, स्वतःच्या मीटरवर गाडी चार्ज केली तर घरगुती दरच लागतो. हा दर मात्र टप्प्यांनी चढत जातो. १०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा असे टप्पे आहेत. पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यांतील फरक दुपटीहून अधिक आहे. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घरात रोज गाडी वापरणाऱ्याने आणखी १९० युनिटची भर घातली, तर जवळजवळ निम्मी भर तिसऱ्या टप्प्यात जाते. म्हणून हिशेब करताना बिलातील सरासरी दर धरणे चूक ठरते. गाडीपोटी वाढणाऱ्या युनिटला वरच्या टप्प्याचा दर लावूनच खर्च मोजावा.

स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वेळेतील वापरावर सवलत देण्याचे धोरण २०२५ मध्ये लागू झाले. नोकरीनिमित्त गाडी घेऊन बाहेर पडणाऱ्यास त्याचा उपयोग नाही. लोकलने जाणाऱ्या डोंबिवलीकराची गाडी मात्र नेमकी दिवसाच घरी असते. आपल्याला कोणती सवलत लागू आहे, हे चालू बिलावरून तपासून घ्यावे.

किलोमीटरचा हिशेब

हिशेब सोपा व्हावा म्हणून काही आकडे गृहीत धरू. पेट्रोल लिटरला १०४ रुपये, पेट्रोल गाडीचे शहरातील अॅव्हरेज १३ किलोमीटर, विजेच्या गाडीचा मीटरवरील वापर १०० किलोमीटरला १५ युनिट, घरच्या विजेचा दर युनिटला १२ रुपये, सार्वजनिक जलद चार्जिंगचा २० रुपये आणि दोन्ही गाड्यांच्या किमतींतील फरक ३ लाख रुपये.

घोडबंदरहून रोज ऐरोली किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात गाडीने जाणारा वर्षाला १५,००० किलोमीटर चालवतो. पेट्रोलवर त्याचे सुमारे १ लाख २० हजार रुपये जातात, तर घरच्या विजेवर २७ हजार. वार्षिक बचत ९३ हजारांची होते आणि फरकाची रक्कम सव्वातीन वर्षांत वसूल होते. सर्व चार्जिंग बाहेर केले तरी खर्च ४५ हजार होतो आणि चार वर्षे लागतात.

केवळ रविवारी आणि सणावारी गाडी काढणारा डोंबिवलीकर वर्षाला ४,००० किलोमीटर चालवतो. त्याचे पेट्रोल ३२ हजारांचे आणि वीज ७ हजार २०० रुपयांची. बचत जेमतेम २५ हजारांची होते आणि फरक वसूल होण्यास बारा वर्षे लागतात. बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची देतात. म्हणजेच या चालकाचा फायदा हमी संपल्यावर सुरू होतो. त्याच्या घरी सुस्थितीतील पेट्रोल गाडी असेल, तर पैशाच्या दृष्टीने ती ठेवणेच योग्य. बॅटरी भाड्याने घेऊन गाडी स्वस्तात घेण्याचा पर्याय २०२४ मध्ये एमजी विंडसरपासून रुजू लागला. त्यात किलोमीटरमागे भाडे असते, परंतु दरमहा किमान किलोमीटरची अटही असू शकते. कमी चालवणाऱ्याने ती अट आधी वाचावी.

करांचा भाग वेगळा मोजावा. विजेच्या गाड्यांवर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आल्याने किमतींतील दरी काही प्रमाणात रुंदावली. दुसरीकडे, महाराष्ट्रात पेट्रोल मोटारीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के वाहन कर आहे, तर २०२५ च्या राज्य धोरणानुसार विजेच्या गाड्यांना तो माफ आहे. १२ लाखांच्या पेट्रोल गाडीवर हा कर १ लाख ४४ हजार होतो. म्हणून शोरूममधील किमतींऐवजी नोंदणीसह पडणाऱ्या किमतींचीच तुलना करावी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना ऑगस्ट २०२५ मध्ये पथकरमाफी लागू झाली. पुण्याला वारंवार जाणाऱ्यास ती मोलाची आहे, कारण द्रुतगती मार्गावर मोटारीचा एका फेरीचा पथकर २०२३ च्या दरवाढीनंतर ३२० रुपये झाला होता. मुलुंड, आनंदनगर किंवा ऐरोली नाक्यावर मात्र या गाडीचा वेगळा लाभ नाही. तेथे ऑक्टोबर २०२४ पासून सर्वच हलक्या वाहनांना माफी आहे.

पूर आणि आगीची भीती

२६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या वस्त्यांतील असंख्य वाहने पाण्याखाली गेली. त्या आठवणीमुळे पावसाळ्यातील सुरक्षिततेचा प्रश्न येथे विशेष विचारला जातो. विजेच्या मोटारींच्या बॅटरीला सामान्यतः आयपी-६७ हा दर्जा असतो. एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही आत पाणी शिरणार नाही, असा त्याचा अर्थ. पेट्रोल इंजिनात हवेच्या मार्गाने पाणी गेले तर ते जागीच निकामी होते. विजेच्या गाडीत तो धोका नाही. तथापि हा दर्जा रात्रभर पाण्यात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी नाही. अशी गाडी सुरू करू नये, चार्जिंगला लावू नये आणि तपासणीसाठी उचलून न्यावी. ज्यांचे पार्किंग दरवर्षी पाण्याखाली जाते, त्यांनी चार्जिंगचे सॉकेटही उंचावर बसवावे.

आगीबाबत, डिसेंबर २०२२ पासून देशात बॅटरीच्या सुरक्षेचे निकष टप्प्याटप्प्याने कडक करण्यात आले. अनेक भारतीय गाड्यांत वापरली जाणारी लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची बॅटरी उष्णतेस अधिक स्थिर मानली जाते. तरीही सोसायटीतील बहुतेक धोका बॅटरीपेक्षा ढिल्या जोडणीचा आणि बारीक वायरचा असतो. तो टाळणे पूर्णतः मालकाच्या हाती आहे.

पेट्रोलही पूर्वीचे राहिले नाही

पेट्रोलच्या बाजूने उभे राहणाऱ्यांनी त्या बाजूचे बदलही पाहावेत. मे २०२१ च्या अखेरीस मुंबई महानगरात पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी तयार आहेत. त्याआधीच्या गाड्यांचे अॅव्हरेज काही टक्क्यांनी घटते आणि रबरी नळ्या व सील यांच्याकडे लक्ष द्यावे लागते. गाडी आठवडाभर उभी राहत असेल, तर हे लक्ष अधिक हवे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या संदर्भात पेट्रोल-डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा विचार करण्यास सांगितले आणि राज्य सरकारने महानगर प्रदेशासाठी त्याची व्यवहार्यता तपासण्यास सात सदस्यांची समिती नेमली. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या प्रदेशातच येतात. पंधरा वर्षांनंतरही महाराष्ट्रात पेट्रोल गाडी तपासणी, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर भरून ठेवता येते. जुनी गाडी जपणाऱ्यांनी ही मुदत विसरू नये.

पर्यावरणाच्या बाजूनेही अतिशयोक्ती नको. आपली वीज अजून बरीचशी कोळशावर निर्माण होते आणि देशात एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. १०० किलोमीटरला १५ युनिट म्हणजे साडेदहा किलो. तेवढ्याच अंतराला पेट्रोल गाडी सुमारे साडेसतरा किलो सोडते. फरक आहे, पण विजेची गाडी निष्कलंक नाही. तिच्या बाजूचा मोठा मुद्दा असा की, धूर गाडीमागे चालणाऱ्याच्या तोंडावर जात नाही. डोंबिवलीच्या हवेचा अनुभव असलेल्यांना त्याचे मोल सांगण्याची गरज नाही.

आवडती जुनी गाडी विजेवर आणण्याचाही एक मार्ग आहे. त्यासाठी एआयएस-१२३ हे मानक लागू असून, मान्यताप्राप्त संच, अधिकृत जोडणी आणि नोंदणी पुस्तकात परिवहन कार्यालयाकडून बदल या तिन्हींची आवश्यकता असते. परवानगीविना केलेला बदल मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात अडकतो आणि विम्याचा दावाही धोक्यात येतो. खर्च पाहता हा मार्ग हौशी आणि सधन अशा थोड्यांसाठीच आहे.

निर्णयापूर्वी

खरेदीचा विचार करणाऱ्याने शोरूममध्ये जाण्यापूर्वी चार कामे करावीत. गेल्या बारा महिन्यांत गाडी किती चालली, हे सर्व्हिसच्या पावत्यांवरून काढावे. पार्किंगमध्ये चार्जिंगची परवानगी सोसायटीकडून लेखी घ्यावी. वायरमनकडून अर्थिंग आणि मंजूर भार तपासून घ्यावा. शेवटी, विचाराधीन गाडी शीळफाट्याच्या कोंडीत आणि एखाद्या घाटात, दोन्हीकडे चालवून पाहावी.

नेमलेले पार्किंग असेल आणि वर्षाला १०,००० किलोमीटरच्या वर गाडी चालत असेल, तर विजेकडे वळणे फायद्याचे आहे. गाडी रस्त्यावर उभी राहत असेल किंवा ती केवळ रविवारी निघत असेल, तर घाई करण्याचे कारण नाही. या दोहोंच्या मधल्या अनेक घरांत तिसरा मार्ग रुळू लागला आहे. रोजच्या धावपळीला छोटी विजेची गाडी आणि पहाटेच्या माळशेजसाठी जुनी पेट्रोल गाडी. पेट्रोलवर प्रेम असणाऱ्याने ते सोडलेच पाहिजे असे नाही. मात्र शीळफाट्याच्या कोंडीत ते जाळत बसण्यात प्रेमाचा भाग थोडा आणि सवयीचाच अधिक असतो.